१०० च्या पुढे गाडी हलते? आधी हात सैल करा, मग पाना उचला

डिसेंबरात कोल्हापूरहून पुण्याला परत येत होतो. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, एकटाच, टॉप बॉक्समध्ये गुळाची १० किलोची ढेप आणि वर काकवीच्या दोन बाटल्या, दोन्ही सॅडलबॅगांत कपडे आणि रेनकोट. उंब्रज सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा ११० च्या पुढे गेला आणि गाडी मागून हलायला लागली. हँडल फडफडत नव्हतं, अख्खी गाडीच बुडाखालून झोपाळ्यासारखी डावीकडे-उजवीकडे जात होती, सेकंदाला दोनेक वेळा. मी घाबरून हँडल गच्च आवळलं, तर हेलकावा अजून वाढला. मग कसंबसं सुचलं, छाती टाकीकडे झुकवली, हात सैल सोडले, रेस हळूहळू कमी केली, ८५ च्या आसपास गाडी शांत झाली.

नागठाण्याजवळ एका टपरीवर थांबलो. हवा मोजली, बरोबर होती. मागचं चाक धरून हलवलं, कुठे खेळ नाही. मग टपरीवाल्या मावशींकडून बत्ता मागून घेतला, ढेप फोडली, निम्मी-निम्मी दोन्ही सॅडलबॅगांच्या तळाला ठेवली आणि हलके कपडे टॉप बॉक्समध्ये टाकले. गाडीवरचं एकूण वजन तेवढंच, फक्त त्यातलं १० किलो खाली आणि पुढे आलं. साताऱ्याच्या आधी परत तेवढाच स्पीड धरून बघितला, गाडी जरासुद्धा हलली नाही.

तो स्पीड तिथे दोन्ही वेळा चूकच होता, हे आधीच सांगतो. केंद्राच्या २०१८ च्या नोटिफिकेशनप्रमाणे चौपदरी रस्त्यावर बाईकला ८० ची मर्यादा आहे, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर तर टू-व्हीलर न्यायलाच बंदी आहे. पण ८० ला सरळ चालणारी गाडी ११५ ला का हलते हे ज्याला कळलं त्याची गाडी ८० ला पण जास्त सुरक्षित असते, वाऱ्यात, ट्रकशेजारी, खरवडलेल्या रस्त्यावर. त्यासाठीच हे सगळं लिहितोय. ६५० असो, निंजा १००० असो नाहीतर बुसा, म्हणजे सुझुकीची हायाबुसा, गाडीची ताकद बदलते, गाडी हलायची कारणं तीच राहतात.

आधी ओळखा, फडफड आहे की हेलकावा

गाडी दोन प्रकारे हलते आणि दोन्हीची कारणं वेगळी आहेत, म्हणून गॅरेजात जाऊन नुसतं "गाडी हलते" सांगितलं की पैसे वाया जातात.

पहिली फडफड, म्हणजे वॉबल. यात फक्त पुढचं चाक आणि हँडल फडफडतं, पटापट, सेकंदाला ४ ते १० वेळा. हलकी असेल तर ६०-८० च्या स्पीडला रेस सोडून गाडी घरंगळत असताना, एक हात काढला की जाणवते. जोराची असेल तर हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपटतं, त्यालाच टँक स्लॅपर म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा अशी येते की तुम्ही जोरात रेस देताय, पुढचं चाक हलकं झालंय, तेवढ्यात खड्डा किंवा रस्त्याचा सांधा लागतो, चाक हवेत जरासं वाकडं होतं आणि वाकडंच खाली टेकतं.

दुसरा हेलकावा, म्हणजे वीव्ह. यात मागचा भाग आधी हलतो आणि त्याच्याबरोबर सगळी गाडी, संथपणे, सेकंदाला २ ते ४ वेळा. हा जास्त स्पीडला येतो, लांब वळणात जास्त येतो, आणि मागे सामान किंवा माणूस असेल तर अजून लवकर येतो. माझ्या गुळाचा होता तो हाच.

मोठा फरक असा की फडफडीत संशय पुढच्या अर्ध्या गाडीवर घ्यायचा, कोनसेट (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते), पुढचा टायर, पुढच्या चाकाचा बॅलन्स. हेलकाव्यात मागच्या अर्ध्यावर, मागचा टायर, शॉकप, स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली होणारा दांडा) आणि सामान. अगदी शंभर टक्के असंच असतं असं नाही, पण सुरुवात तिथून केली की निम्मी धावपळ वाचते.

गाडीला सरळ राहायचंच असतं

मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक आठवा. ट्रॉली ढकलली की चाकं आपोआप फिरून मागे लोंबतात आणि सरळ होतात, तुम्ही काही करत नाही. बाईकच्या पुढच्या चाकाचं पण तसंच आहे. हँडल ज्या अक्षावर फिरतं तो तिरका अक्ष मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत वाढवा, तो जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकलेलं असतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. इंटरसेप्टरला ते १०६ मिमीच्या आसपास आहे, आताच्या हायाबुसाला ९० मिमी. या ट्रेलमुळे चाक वाकडं झालं की रस्ताच त्याला ओढून सरळ करतो, वर फिरणाऱ्या चाकाचा जायरोचा जोर असतोच. चालत्या गाडीवरून माणूस पडला तरी गाडी बरीच लांब एकटी सरळ जाते ते यामुळे.

आता विचार करा, जी गोष्ट स्वतः सरळ होत असते तिला तुम्ही दोन्ही हातांनी घट्ट पकडून ठेवलं तर काय होणार. चाकाला सरळ व्हायला जागाच मिळत नाही. शिवाय १०० च्या पुढे वारा तुमच्या छातीला ढकलतो, खांदे हलवतो, हेल्मेट हलवतो, आणि हात ताठ असले की ते सगळे धक्के काठीने पोचवल्यासारखे थेट हँडलमध्ये जातात. स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. इंटरसेप्टरसारख्या ताठ बसायच्या गाडीवर तर माणूस नकळत हँडलला लटकतो, आणि लटकलेला माणूस ती गाडी सतत थोडी थोडी वळवतच असतो.

माझं ठाम मत आहे की रस्त्यावर ज्या तक्रारी "गाडी हाय स्पीडला अनस्टेबल आहे" म्हणून येतात त्यातल्या कितीतरी हाताच्या असतात. म्हणून पाना उचलायच्या आधी हे करून बघा. मोकळा सरळ रस्ता, ६० चा स्पीड, गुडघ्यांनी टाकी दाबा, पायाचे पुढचे तळवे फूटपेगवर, पोट जरा घट्ट, आणि आता दोन्ही कोपरं कोंबडी पंख हलवते तशी वरखाली हलवा. हँडल सोडायचं नाही, बोटं ग्रिपवर हलकी ठेवायची. कोपरं हलताना गाडी सरळ चालली तर हात सैल आहेत. कोपरांबरोबर गाडी पण डोलली तर तुम्ही अंगाचं वजन हातावर टाकून बसलाय. मी दर राइडला पहिल्या दहा मिनिटांत हे एकदा करतो, अजूनही, कारण ट्रॅफिकमधून बाहेर पडेपर्यंत खांदे कानापर्यंत चढलेले असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

टाकी पकडायला जमत नसेल तर टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरचे ग्रिप पॅड चिकटवा. स्वस्त वस्तू आहे, पण मला विचाराल तर महागड्या एक्झॉस्टच्या आधी हे.

आता पाना

क्रमाने जा, कारण पहिल्या दोन-तीन गोष्टींतच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

हवा. सकाळी गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरचा पोरगा न विचारता पुढे २५ मागे ३० मारून मोकळा होतो, ते १०० सीसीच्या गाडीला ठीक, पण हायाबुसाला कंपनी दोन्ही चाकांत ४२ पीएसआय सांगते. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवर किंवा चेनगार्डवर स्टिकर असतो त्यावर आणि मॅन्युअलमध्ये आहे, डबलसीटचा वेगळा असेल तर तोही तिथेच असतो. मागच्या चाकात ६-७ पीएसआय कमी असली तर टायरची बाजूची भिंत रबरासारखी लचकते आणि चांगली गाडी हेलकावे घेते. चालवून गरम झाल्यावर हवा ३-४ पीएसआय वाढलेली दिसते, ती नॉर्मल आहे, तेव्हा काढून टाकू नका.

टायर. आपल्याकडे हायवे जास्त आणि वळणं कमी म्हणून मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो, नुसता गोटा होतोच असं नाही, खाचा शिल्लक असतात पण आकार चौकोनी झालेला असतो. अशा टायरवर लेन बदलताना गाडी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पडल्यासारखी जाते आणि वळणात हेलकावा लवकर सुरू होतो. पुढच्या टायरवर हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर खाचांचे ठोकळे तिरके झिजलेत, फडफडीचं ते एक नेहमीचं कारण. बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. आणि स्पीड रेटिंगचं अक्षर बघा, एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०. ताकदवान गाडीला स्वस्तात खालच्या अक्षराचा टायर टाकू नका.

इथेच एक सांगतो, मनापासून. मागे जाड टायर टाकायची फॅशन सोडा. रिम तेवढीच ठेवून रुंद टायर बसवला की तो रिममध्ये चिमटला जातो, त्याची गोलाई बदलते, गाडी वळायला जड होते आणि वळणात मध्येच वेगळं वागते. कंपनीने दिलेली साइझ फ्रेमबरोबर टेस्ट केलेली असते.

कोनसेट. इंटरसेप्टरला मेन स्टँड आहे, त्यावर लावा, मित्राला मागच्या बाजूला वजन द्यायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. ज्या गाड्यांना मेन स्टँड नाही तिथे मागे पॅडॉक स्टँड आणि इंजिनखाली लाकडाची फळी ठेवून छोटा जॅक. आता चाकासमोर उकिडवे बसा, दोन्ही फोर्कची खालची टोकं धरा आणि स्वतःकडे ओढा, मागे ढकला. टक-टक असा खेळ हाताला लागला तर कोनसेट सैल आहे. मग हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर, गाडी सरळ असते त्या जागी, खाचेत बसल्यासारखं किंचित अडलं तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे फार लवकर होतं. तो आवळून सुटत नाही, बदलावाच लागतो.

आणि सैल इतकाच जास्त आवळलेला पण वाईट. मागे एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिलेली गाडी मला कोनसेट भरपूर आवळून परत मिळाली होती. ३० च्या स्पीडला गाडी दारू प्यायल्यासारखी इकडून तिकडे जायला लागली, कारण हँडल जिथे ठेवाल तिथेच चिकटून राहत होतं, स्वतःहून मध्यावर येतच नव्हतं. चाक उचललेलं असताना हँडल मध्यापासून जरासं ढकललं तर ते आपल्या वजनाने टोकाकडे पडलं पाहिजे, आणि तरी पुढे-मागे खेळ शून्य पाहिजे. एवढी एकच टेस्ट गॅरेजवाल्यासमोर उभं राहून करा, गाडी ताब्यात घेण्याआधी.

स्विंगआर्म, ज्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. मागचं चाक उचलून, चाक नाही तर स्विंगआर्मचंच मागचं टोक धरा आणि आडवं हलवा. खेळ असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. चाक हलतंय पण स्विंगआर्म हलत नाही, मग चाकाचं बेअरिंग.

१९७२ ला कावासाकीची झेड-वन आली, ९०३ सीसी, ८२ हॉर्सपॉवर, त्या काळात एवढी ताकद रस्त्यावरच्या गाडीत लोकांनी बघितली नव्हती, आणि हाय स्पीडला ती हेलकावे घेते म्हणून पण प्रसिद्ध झाली. इंजिन जितकं पुढे गेलं तितके टायर, शॉकप आणि फ्रेम त्या काळी गेले नव्हते. तेव्हाचे लोक काय करायचे, तर स्विंगआर्मला चांगले ब्राँझचे बुश, कोनसेटला बॉलऐवजी टेपर रोलर बेअरिंग, मागे चांगले शॉकप. पन्नास वर्षं झाली, यादी तीच आहे.

चाकांची सरळ रेष. चेन टाइट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या की झालं असं आपण धरतो, पण त्या खुणा प्रत्येक गाडीवर अचूक असतातच असं नाही. गवंड्याची लाइनदोरी घ्या. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या मागून घ्या आणि दोन्ही टोकं गाडीच्या दोन बाजूंनी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुढे ताणा, अशी की दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम स्पर्श करेल. पुढचा टायर बारीक असतो त्यामुळे दोन्ही बाजूंना फट दिसेल, हँडल सरळ ठेवून त्या दोन फटी मोजा. सारख्या असल्या तर चाकं एका रेषेत. पंधरा मिनिटांचं काम.

सामान आणि शॉकप

सामानाचा नियम माझ्या ढेपेनेच शिकवला. जड ते खाली आणि जितकं जमेल तितकं मागच्या ॲक्सलच्या पुढे. टॉप बॉक्स ॲक्सलच्या मागे आणि वर लोंबतो, तिथलं १० किलो लांब काठीच्या टोकाला बांधल्यासारखं असतं, एकदा हलायला लागलं की थांबवायला गाडीला वेळ लागतो, आणि वरून पुढचं चाक हलकं करतं. टॉप बॉक्सला बऱ्याचदा ३ किंवा ५ किलोचीच मर्यादा लिहिलेली असते, झाकण उघडून आत बघा. टॉप बॉक्समध्ये जॅकेट, चादर, चिवडा ठेवा. टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, गूळ, तांदूळ खाली किंवा टँकबॅगेत. सॅडलबॅगा दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, आणि बंजीवर बांधलेलं सामान हाताने हलवून बघा, ते सुटं हललं तर १०० ला ते स्वतःचा वेगळा हेलकावा घेणार. हँडलला लावलेली मोठी विंडस्क्रीन पण सामानच समजा, तिच्यावर पडणारा वारा थेट हँडल फिरवतो, फ्रेमला लावलेली स्क्रीन तसं करत नाही.

शॉकपचं बरेच लोक कठीण समजून सोडून देतात, पण प्रीलोड, म्हणजे शॉकपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, तरी लावाच. मागच्या ॲक्सलपासून वर सीटखाली एका ठरलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजा, आधी चाक हवेत असताना, मग तुम्ही जॅकेट-हेल्मेट घालून सामानासकट गाडीवर बसलेले असताना. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. स्पोर्टी रोड बाइकला ३०-३५ मिमी धरतात, नाहीतर एकूण ट्रॅव्हलचा, म्हणजे चाक जितकं वरखाली जाऊ शकतं त्या अंतराचा, साधारण तिसरा हिस्सा. इंटरसेप्टरचा मागचा ट्रॅव्हल ८८ मिमीच आहे, म्हणजे तिथे ३० च्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त दबत असेल तर प्रीलोड वाढवा. डबलसीट आणि सामान घेऊन निघताना प्रीलोड न वाढवता गेलात तर मागचा भाग बसतो, पुढचा उचलतो, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडांवर पडते. रात्री समोरच्या ट्रकवाल्याने डिपर मारला तर ते पण एक लक्षण समजा.

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकप किती सावकाश परत वर येतो ते ठरवणारा, स्क्रू असेल तर सीट जोरात दाबून सोडा. परत वर येऊन एकदाच थांबली पाहिजे. वर येऊन परत खाली गेली, उड्या मारल्या, तर रिबाउंड कमी आहे किंवा शॉकपमधलं तेल संपलंय. बदलताना एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा आधी किती होता, नाहीतर संध्याकाळपर्यंत आपण कुठून निघालो होतो हेच कळत नाही.

उंची कमी असलेले बरेच जण टी (फोर्क पकडून ठेवणारे क्लँप) सैल करून फोर्क वर सरकवतात, गाडी पुढून खाली यावी म्हणून. १४०० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही ॲक्सलमधल्या अंतराच्या) गाडीला पुढून १० मिमी खाली आणलं की फोर्कचा कोन जवळजवळ ०.४ अंशाने उभा होतो आणि ट्रेल दोनेक मिमीने कमी होतो. वळायला चपळ वाटते, पण सरळ राहायची तिची ओढ कमी झाली. करायचं असेल तर दोन्हीकडून सारखं खाली आणा.

स्टिअरिंग डँपरबद्दल, म्हणजे हँडलची झटक्याने होणारी हालचाल मंद करणाऱ्या छोट्या शॉकपसारख्या वस्तूबद्दल, विचारणारे खूप असतात. हायाबुसाला तो कंपनीकडूनच येतो, आणि फोर्कचा २३ अंशांचा उभा कोन असूनही ती सरळ राहते त्याला १४८० मिमीचा लांब व्हीलबेस आणि २६६ किलो वजन पण कारण आहे. १९९७ च्या सुझुकी टीएल १००० एसला मात्र डँपर नंतर बसवावा लागला, तिच्या मागच्या सस्पेन्शनचा रोटरी डँपर (हा हँडलचा नव्हे) खराब रस्त्यावर आणि गरम झाल्यावर साथ द्यायचा नाही, टँक स्लॅपरच्या तक्रारी आल्या आणि ब्रिटनमध्ये गाड्या परत बोलावून डँपर लावले गेले. म्हणजे डँपर कामाची वस्तू आहे. पण सैल कोनसेट आणि झिजलेल्या टायरवर डँपर लावणं म्हणजे ताप असताना नुसती गोळी घेऊन कामाला जाणं, त्यात फडफड लपते, कारण तिथेच राहतं. शिवाय तो प्रामुख्याने फडफडीसाठी आहे, जास्त आवळला तर हेलकावा उलट वाढू शकतो. ट्रॅक्शन कंट्रोल, कॉर्नरिंग एबीएस हे सगळं चांगलं आहे, पण त्यातलं काहीच हेलकावा थांबवत नाही.

रस्त्यावर

कंटेनरला ओव्हरटेक करताना आधी त्याच्या मागची खेचाखेच लागते, मग शेजारी वारा अचानक बंद होतो, आणि केबिनच्या पुढे निघताच एकदम थप्पड बसते. ती बसणार हे आधीच माहीत असलं की निम्मं काम झालं. कंटेनरपासून जितकं जमेल तितकं अंतर ठेवा, अंग खाली, गुडघे टाकीला, हात सैल, आणि ज्या बाजूने वारा ढकलतोय त्या बाजूच्या ग्रिपला हलका पुढे दाब द्या, गाडी वाऱ्यावर रेलून चालेल. गाडी फूटभर इकडेतिकडे गेली तर जाऊ द्या, म्हणूनच डिव्हायडरला चिकटून ओव्हरटेक करायचं नाही. साताऱ्याच्या पुढे मोकळ्या माळावर आणि नदीच्या पुलांवर हे सारखं होतं.

खरवडलेल्या रस्त्यावर, म्हणजे नवीन डांबर टाकायच्या आधी लांबीच्या दिशेने खाचा पाडलेल्या असतात तिथे, पुढचं चाक साप चालल्यासारखं वळवळतं. ते वळवळणारच. हँडल धरून ठेवायचा प्रयत्न करू नका, नजर लांब, रेस एकसारखी.

लांब वळणात शिरायच्या आधीच स्पीड कमी करा आणि आत गेल्यावर रेस अगदी थोडी चालू ठेवा, म्हणजे गाडी दोन्ही शॉकपांवर नीट बसते. मध्येच घाबरून रेस एकदम सोडली की वजन पुढे आपटतं, फोर्क दबतात, ट्रेल कमी होतो, नेमकं नको तेव्हा. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे एस वळण आहे तिथे हे किती लोकांना महागात पडलंय ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

आणि थांबायचं अंतर. चांगला टायर, कोरडा रस्ता, एक सेकंद कळायला लागला असं धरून माझा हिशोब: ८० वरून साधारण ५७ मीटर, १४० वरून जवळजवळ १४७ मीटर. ऊस हंगामात कराडपासून कोल्हापूरपर्यंत मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, रात्री तुमच्या हेडलाइटमध्ये त्या किती मीटरवर दिसतात ते एकदा स्वतः बघा. गाडी कितीही स्थिर असली तरी हा हिशोब बदलत नाही. जोरात चालवून शिकायचंच असेल तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ३.७ किलोमीटरचा, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, तिथे ट्रेनिंगचे दिवस होतात, समोरून कोणी रॉंग साइड येत नाही. पुण्याहून गाडी ट्रकने पाठवून जाणारे बरेच आहेत.

सुरू झालंच तर

फडफड असो की हेलकावा, पहिल्या सेकंदाला हात आवळायचे नाहीत आणि पुढचा ब्रेक मारायचा नाही. पुढचा ब्रेक वजन त्याच चाकावर टाकतो जे आधीच भांडतंय. अंग पुढे आणि खाली आणा, हनुवटी टाकीकडे, गुडघे घट्ट, हातांची बोटं ग्रिपभोवती पण दाब नाही. रेस एकदम बंद न करता सावकाश कमी करा. जोरात रेस देताना पुढचं चाक उचलून फडफड आली असेल तर अजून रेस देऊन पळून जायच्या नादाला लागू नका, आहे तिथे धरा, मग हळूहळू खाली. ६०-७० ला रेस सोडल्यावर येणारी ती बारीक फडफड नुसते दोन्ही हात हलके ठेवले की जाते, पण ती आली म्हणजे टायर आणि कोनसेट बघायची वेळ आली.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. टँक स्लॅपर जोराचा झाला की पुढचं चाक आणि डिस्क इतक्या जोरात हलतात की कॅलिपरमधले पॅड मागे ढकलले जातात. गाडी शांत होते, तुम्ही सुटकेचा श्वास टाकता, पुढे ट्रक दिसतो, पुढचा ब्रेक दाबता आणि लिव्हर सरळ ग्रिपला टेकतो, ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी सरळ झाली की सगळ्यात आधी पुढचा लिव्हर हलक्या हाताने दोन-तीन वेळा पंप करा, कडक लागला की मग स्पीड कमी करत डावीकडे या. शोल्डरवर थांबलात की इंजिन बंद, इंडिकेटर चालू, आणि लगेच निघू नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, टोकाच्या स्टॉपरवर आपटून ते वाकलेत का, ब्रेकचा पाइप आणि क्लचची वायर कुठे चिमटली का, टायरची हवा, सामानाच्या दोऱ्या. हात थरथरायचे थांबेपर्यंत बसा, पाणी प्या, आणि उरलेला रस्ता ६० ने काढा, गाडी स्टँडवर घेऊन कोनसेट तपासेपर्यंत.